मजूर मित्राचं शाईतलं व्यक्तिचित्र

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्याचं एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) झालंय. त्याचा लहानपणापासूनचा मित्र केळी कटाईच्या टोळीत आहे; घड कापायचे, वाहायचे, ट्रक भरायचा. या मित्राचं काळ्या शाईतलं चित्र त्याने मोबाइलच्या फोटोवरून बऱ्याचदा काढलं. चेहरा जुळतो. पण मित्राने ते पाहिलं आणि म्हणाला, "हा मी नाही रे भो, हा पेपरातला कोणीतरी मजूर आहे." चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आपल्या टपाल खात्यातल्या मित्राला, रूलँला, नुसत्या रेघांत जिवंत केलं, ते कसं? बोरू (नळाची लेखणी) वापरू की टाक (निबची लेखणी)? कागद कोणता? केळीच्या चिकाची शाई करू का? चित्र प्रदर्शनालाही द्यायचंय.

तुझा मित्र जे बोलला ते आधी लिहून ठेव. कलेच्या वर्गात इतकं नेमकं क्वचित कोणी बोलतं. नाक, डोळे, जबडा त्याचेच असूनही तो माणूस त्याला परका वाटला, म्हणजे मापं बरोबर आहेत आणि घोटाळा दुसरीकडे आहे. कागदासमोर बसताना तुझ्या डोक्यात 'कष्टकरी' आधी आला आणि मित्र मागून. एकदा तसं झालं की हात सवयीच्या वाटेने जातो. कपाळावर आठ्या, गालांना खळगे, डोळ्यांखाली काळोख, मानेवर फुगलेल्या शिरा. असे चेहरे आपण दिवाळी अंकांत, पोस्टरवर, भिंतीवरच्या चित्रांत इतके पाहिलेत की ते काढायला समोर माणूस लागतच नाही. तुझा मित्र तिशीच्या आतला असणार. त्याच्या कपाळावर खरंच तेवढ्या आठ्या आहेत का, आज संध्याकाळी नीट बघ.

आता रूलँ. जोसेफ रूलँला सगळे पोस्टमन म्हणतात, पण तो घरोघरी पत्रं वाटत नव्हता. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात, रेल्वे स्टेशनवर, टपालाच्या चढ-उताराचं काम त्याच्याकडे होतं. सावद्याच्या स्टेशनावर केळीच्या वॅगन भरताना ज्याने पाहिलंय त्याला हे काम कसलं ते सांगायला नको. १८८८ साली व्हिन्सेंट पस्तीस वर्षांचा होता, रूलँ सत्तेचाळीसच्या आसपास. महिन्याचे १३५ फ्रँक, त्यात बायको आणि तीन मुलं. धाकटी मुलगी तर त्याच जुलैच्या अखेरीस जन्मलेली. चित्रासाठी बसायचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्याच्याबरोबरचं खाणंपिणंच जास्त महाग पडलं, असं व्हिन्सेंटने पत्रात लिहिलंय. त्याने आणखी एक नोंद केली आहे, ती तुझ्या कामाची. समोर बसवलं की रूलँ फार ताठ व्हायचा. म्हणून व्हिन्सेंटने त्याला दोनदा रंगवलं, आणि दुसऱ्या वेळी एकाच बैठकीत.

शाईतलं जे चित्र तू म्हणतोस ते बहुधा लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं असावं. छातीपर्यंतचा रूलँ, समोरून, डोक्यावर टोपी, अंगात गणवेशाचा कोट, खाली पसरलेली दाढी. साधारण ३२ बाय २४ सेंटिमीटर, म्हणजे ए४ पेक्षा जरा मोठा कागद. आधी काळ्या खडूने आखणी, वर बोरू आणि पिसाची लेखणी अशा दोन्हींनी तपकिरी शाईत काम. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याचं मोठं छायाचित्र फुकट मिळतं. ते उतरवून घे आणि मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर मोठं करून बघ.

हे चित्र बघताना एक गोष्ट विसरायची नाही. १८८८च्या त्या उन्हाळ्यात व्हिन्सेंट आधी रंगवलेल्या चित्रांवरून शाईत रेखाटनं करून मित्रांना आणि भावाला पाठवत होता. बोरू हातात घेतला तेव्हा रूलँचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. तो चेहरा बैठकीत रंगवून झाला होता, हॉटेलात समोर बसून जेवला होता, राजकारणावर तावातावाने बोलताना ऐकला होता. रेघ बिनधास्त दिसते ती या ओळखीमुळे. आपल्याकडे मुलं ती बिनधास्त रेघ आधी उचलतात आणि ओळख राहून जाते; मग रेघेत जोर दिसतो, माणूस दिसत नाही. शाई खोडता येत नाही, त्यामुळे हात ठेवण्यापूर्वी बरंच ठरलेलं असावं लागतं. डोळ्याच्या कडेला दोन रेघा द्यायच्या की एक, हे कागदावर शोधायचं ठिकाण शाई नव्हे. ते शोधायला पेन्सिल आणि कोळसा आहे.

म्हणून फोटो बाजूला ठेव. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात, जबडा निमुळता होतो. आणि दुपारच्या उन्हातला फोटो असेल तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. 'पेपरातला मजूर' निम्मा त्या खड्ड्यांतून आलाय. शर्टाच्या चुण्या, रुमालाची गाठ एवढ्यापुरता फोटो चालेल. चेहरा समोरून बघून काढ.

मित्राला बसवायचं कसं, याला मी बोरूपेक्षा जास्त महत्त्व देतो. कटाईच्या दिवशी संध्याकाळी तो थकलेला असतो. तेव्हा 'जरा बस रे' म्हणून तासभर ताटकळत ठेवू नकोस. सुट्टीच्या सकाळी जा, घराच्या ओट्यावर किंवा पडवीत, जिथे तो एरवीही बसतो. उत्तरेकडून उजेड येत असेल तर उत्तम, कारण तो तासभर फारसा बदलत नाही. तो खाटेवर आणि तू खुर्चीवर, असं करू नकोस. तू वरून बघशील, कपाळ मोठं आणि हनुवटी लहान होईल, आणि चित्र बघणाराही त्याच्याकडे वरूनच बघेल. दोघांचे डोळे एका उंचीवर हवेत. तो जमिनीवर तर तूही जमिनीवर, मांडीवर पाट.

तो ताठ होणारच, सगळे होतात. पहिल्या काही मिनिटांची रेखाटनं वाया जाऊ दे. त्याला बोलता ठेव. भाव कितीचा निघाला, कुठल्या शेतातला माल हलका होता, टोळीत कोण कोणाला चिडवतं. बोलणाऱ्या माणसाचं तोंड काढता येत नाही अशी तक्रार तू करशील. बरोबर आहे, ओठ हलतात. पण बोलणं थांबल्यावर चेहरा जिथे येऊन विसावतो ती जागा त्याची स्वतःची असते, आणि ती वारंवार येते. एका बैठकीत चार-पाच वेळा तरी दिसेल. ती पकड. पहिल्या बैठकांत नुसता कोळसा वापर, कागद बदलत जा, एकही चित्र पुरं करू नकोस.

अंगावर काय घालायचं ते त्याला ठरवू दे. रूलँ गणवेशात आहे, बटणं लागलेली आहेत, टोपी नीट आहे. कोणी त्याला मळके कपडे घालून श्रमाचं प्रतीक केलेलं नाही. तुझा मित्र म्हणाला की मी पोळ्याला घेतलेला शर्ट घालतो, तर घालू दे. त्याचं काम लपणार नाही. खांद्यावर घड वाहून एक खांदा जरा खाली आलेला असतो, मानेचा तो बाजूचा स्नायू भरलेला असतो, नखांच्या कडेला आणि तळव्याच्या रेषांत केळीच्या चिकाचा काळा डाग बसलेला असतो. हात चित्रात घेणार असशील तर हा डाग नक्की काढ. दोन-तीन बारीक रेघा पुरतात. चेहऱ्यावर नाटक करण्यापेक्षा नखाजवळची ती रेघ जास्त सांगते.

आता साहित्य. बोरू घे, आणि सोबत टाकही ठेव. एकाच हत्याराने सगळं करायचा हट्ट नको. रूलँच्या चित्रातही दोन लेखण्या आहेत. तापीच्या किंवा गिरणेच्या काठी देवनळ मिळतो. हिरवा कापू नकोस, पिवळा पडून वाळलेला घे, करंगळीएवढ्या जाडीचा. धारदार पातीने टोक तिरपं छाट, आतला भुसभुशीत गाभा खरवडून काढ, मधोमध बारीक चीर दे आणि शेवटी कठीण लाकडावर टोक ठेवून एका दाबात सरळ काप. दोन मिलिमीटर रुंदीचा एक आणि चार मिलिमीटरचा एक, असे दोन करून ठेव. नळ नाही मिळाला तर बारीक बांबूचा कर. तो जास्त टिकतो, पण शाई कमी धरतो आणि रेघ जरा कोरडी येते.

बोरूची गंमत अशी की तो शाई फार वेळ धरत नाही. दौतीतून काढल्यावर पहिली रेघ ओली, भरलेली, काळीभोर. मग ती पातळ होत जाते. शेवटी खरखरीत, तुटक. नवखी मुलं तुटक रेघ आली की लगेच पुन्हा बुडवतात. तसं करू नकोस. भरलेल्या शाईने कोट, केस, खोल सावल्या; अर्ध्या शाईने गालाची, कपाळाची वळणं; आणि जवळजवळ सुकलेल्या टोकाने दाढीचे खुंट, मानेची कातडी, रुमालाचा पोत. एका बुडवणीत या तिन्ही जागा फिरून ये. चेहरा एका बाजूने पुरा करत जाण्यापेक्षा असं फिरत काम केलं की चित्र सगळीकडून एकदम उमलतं. टाक ठेवायचा पापण्या, नाकपुडीची कड, ओठांमधली रेघ यांसाठी. टाकाला 'जी' (G) नावाची निब लाव; ती दाबली की रेघ जाड होते, सोडली की बारीक. पापणीच्या एका फटकाऱ्यात हे दोन्ही लागतं.

शाई साधी काळी, पाण्याने न पुसली जाणारी ड्रॉइंगची शाई घे; कॅमलची बाटली जळगाव-भुसावळला सहज मिळते. व्हिन्सेंटच्या चित्रासारखी तपकिरी हवी म्हणून सेपियाच्या मागे लागू नकोस. त्याची आर्लमधली अनेक रेखाटनं काढली तेव्हा आजच्याहून पुष्कळ काळी होती. उजेडाने आणि काळाने ती शाई तपकिरी झाली. काजळीची शाई तशी उडत नाही. फाउंटन पेनची शाई मात्र नको, ती उन्हात फिकी होते.

कागद दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) वरचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, गुळगुळीत बाजू. हातकागद दिसायला सुंदर असतो, पण सगळ्या हातकागदांना सारखी खळ (शाई पसरू नये म्हणून दिलेला लेप) नसते. कमी खळीच्या कागदावर शाई पसरते आणि बोरूचं टोक तंतूंत अडकतं. विकत घेण्याआधी कोपऱ्यात एक ठिपका देऊन बघ. कडा फुटल्या तर तो कागद दुसऱ्या कामाला ठेव. आपल्याकडच्या हवेचंही भान ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा शाई टोकावरच वाळते आणि दौतीत घट्ट होते. सकाळी काम कर, दौत झाकून ठेव, मधूनमधून शुद्ध पाण्याचे दोन-चार थेंब टाक आणि निब ओल्या फडक्याने पुसत राहा. श्रावणात उलट, कागद ओल धरतो आणि तीच शाई त्याच कागदावर फुटते. कागद आदल्या रात्री घरात कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये ठेव.

चिकाची शाई करू का, असंही तू विचारलंयस. कल्पना मला मनापासून आवडली. पण अडचण अशी की चीक लावताना जवळपास पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागून मागाहून तपकिरी होतो. म्हणजे काढताना गडद-फिकं तुला कळणारच नाही. सुट्या कागदांवर खेळ, डाग कसे उठतात ते पाहा. मित्राच्या चेहऱ्यावर मात्र ज्या शाईवर तुझा ताबा आहे तीच चालव.

रेघांबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण रूलँच्या चित्रात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. त्यात एकाच जातीची रेघ सगळीकडे फिरवलेली नाही. पाठीमागे आडव्या-उभ्या रेघांची दाट वीण आहे, चटईसारखी. कोटाला रुंद, ठाम फटकारे. दाढीत रेघा वळतात, एकमेकींत शिरतात. चेहऱ्यावर त्या लहान होतात आणि गालाच्या, नाकाच्या उताराप्रमाणे दिशा बदलतात. प्रत्येक जागेला तिची बोली दिलेली आहे. म्हणून काळ्या-पांढऱ्याशिवाय काहीच नसताना कापड कापडासारखं आणि केस केसांसारखे वाटतात.

तू मित्राच्या चित्रासाठी अशीच आधी ठरवाठरवी कर. एका वेगळ्या कागदावर आगपेटीएवढे चौकोन आख आणि त्यांत नुसत्या रेघा काढून बघ: त्याच्या कुरळ्या केसांची रेघ, शर्टाच्या कॉटनची रेघ, खांद्यावरच्या रुमालाची रेघ, पाठीमागच्या भिंतीची रेघ. शेणाने सारवलेली भिंत असेल तर सारवणाचे अर्धगोल हात रेघेत येऊ दे. केळीचा बाग मागे घ्यायचा मोह होईल. घेतलास तर पानं ओळखू येतील एवढी काढू नकोस. पानाच्या तिरप्या शिरांची नुसती दिशा घे. नाहीतर चित्र कृषी प्रदर्शनातल्या फलकासारखं होईल आणि चेहरा मागे पडेल.

सावळ्या रंगाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझं चित्र तिथेही अडकलं असणार. आपली मुलं सावळा माणूस दाखवायचा म्हणून सगळ्या चेहऱ्यावर रेघांची जाळी टाकतात. चेहरा काळवंडतो, मळका दिसतो, वय दहा वर्षांनी वाढतं. सावळ्या कातडीवर उजेडाची चमक जास्त स्पष्ट दिसते. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा तुकडा धारदार असतो. तो कागद कोरा ठेव, अगदी लहान, पण काटेकोर. बाकीच्या चेहऱ्यावर एकाच दिशेच्या, वळणाबरोबर जाणाऱ्या रेघा, त्याही सैल. दोन रेघांमधून कागद दिसत राहिला पाहिजे. आणि चेहऱ्याशेजारी खरा पांढरा ठेव, खांद्यावरचा रुमाल किंवा बनियनचा काठ. त्या पांढऱ्याशेजारी चेहरा आपोआप सावळा वाचला जातो. काळ्याचा सगळ्यात जड घास केसांत किंवा पाठीमागे दे, चेहऱ्यावर नाही.

उजेड चेहऱ्यावर कसा बसवावा हे शिकायचं असेल तर चाळीसगावला एकदा जाऊन ये. केकी मूस यांचं घर तिथे आहे, आता ते संग्रहालय आहे. ते छायाचित्रकार, तुझं काम शाईचं; पण सावलीतून माणूस कसा वर येतो आणि किती गोष्टी अंधारात सोडून द्याव्यात, हे तिथल्या भिंतींवर दिसतं. खान्देशातल्या चित्रकाराने ते पाहिलेलंच असावं असं मला वाटतं.

शाईचा दिवस ठरला की त्या दिवशी फार आखणी करू नकोस. कोळशाने हलक्या हाताने डोक्याचा कल, डोळ्यांची ओळ, खांद्यांचा उतार, बस्स. सुरुवात डोळ्यांनी नको; आपल्याकडे सगळे तिथूनच करतात आणि मग उरलेलं डोकं डोळ्यांच्या मापात बसवत राहतात. केसांचा आणि मानेचा मोठा काळा आधी टाक, म्हणजे चेहऱ्यासाठी किती उजेड उरलाय ते कळेल. डोळे मध्यावर. शाईचा थेंब पडला तर पडू दे, टिपकागदाने चोळू नकोस, पसरेल. रेघ जरा चुकली तर तिच्याशेजारी बरोबर रेघ दे आणि पुढे जा. दोन रेघांमधून डोकं किंचित हलल्यासारखं वाटतं, ते वाईट दिसत नाही. तासाभरात थांब. अजून थोडं करावंसं वाटेल, त्या वेळी कागद उलटा करून भिंतीला टेकव आणि दुसऱ्या दिवशी बघ. शाईतली बहुतेक चित्रं शेवटच्या दहा मिनिटांत मरतात.

चित्राच्या नावाचंही बोलू, कारण तू ते प्रदर्शनाला देणार म्हणतोस. 'श्रमिक', 'हमाल', 'केळीवाला' यांतलं काही नको. १९४३च्या दुष्काळात बंगालच्या मेदिनीपूरमध्ये फिरून चित्रकार चित्तप्रसादने शाईत माणसं काढली, तेव्हा काही रेखाटनांबरोबर त्याने त्या माणसांची नावंही नोंदली. भुकेने मेलेल्या माणसाचंही नाव त्याने पुसू दिलं नाही. तुझा मित्र तर हट्टाकट्टा आहे. त्याला विचार, आणि तो हो म्हणाला तर त्याचं नाव लिही, खाली गावाचं नाव, महिना, साल. तो नाही म्हणाला तर नुसतं 'मित्र' लिही. आणि चित्र लावायलाच नको म्हणाला तर लावू नकोस, घरात ठेव. विकलं गेलं तर पैशात त्याचा वाटा किती, हे आधीच बोलून घे. मैत्रीत ते बोलायला जड जातं, पण त्याने तुझ्यासाठी बुडवलेल्या सुट्ट्या खऱ्या आहेत.

पुढचं चित्र झालं की आधी त्यालाच दाखव, आणि तू गप्प राहा. तो चित्रातल्या माणसाकडे बघून हसतो का, शर्टाच्या कॉलरबद्दल बोलतो का, घरच्यांना हाक मारतो का, ते बघ. मग मला चित्राबरोबर कोळशाची सगळी रेखाटनंही पाठव, फाडून टाकायच्या लायकीची वाटतात तीसुद्धा. कोणत्या बैठकीत तो सैल झाला ते त्यांतूनच मला सांगता येईल.